माझ्या अंगणातली मास्तरांची घोडी

मास्तरांचं नाव निघालं की अजून माझं पोट दुखतं. औषध घ्यावं असलं दुखणं नव्हे. जळतो मी, सरळ सांगतो. सोलापुरात भवानी पेठेतलं आमचं चादरींचं दुकान मुलानं नव्यानं बांधलं, माझे केस गेले, दात गेले, पण ही जळजळ काही जात नाही. आणि का जावी म्हणतो मी? त्या माणसानं माझं काय नेलं ते आधी ऐका, मग मला नावं ठेवा.

ते आमचे भाडेकरू. मागच्या अंगणाला लागून एक खोली होती, तीत एकटेच राहायचे. शाळेत चित्रकला शिकवायचे. अंगानं काटकुळे, मान बगळ्यासारखी पुढं, आणि शर्टाच्या खिशात कायम कडक भाकरीचे तुकडे. वर्गात, रस्त्यात, देवळाच्या पायरीवर, कुठंही उभे राहून कुडुम कुडुम चावत असायचे. मला 'मालक' म्हणायचे. मालक म्हणायचे आणि ऐकायचे मात्र स्वतःचंच.

एकदा रविवारी मी वळसंगला अप्पांकडं निघालो होतो. अप्पा म्हणजे माझे वडील. ते गावीच राहून शेती बघायचे. मास्तर अंगणात आडवे आले आणि म्हणाले, "मालक, मला घोड्याचे मागचे पाय जमत नाहीत."

"म्हणजे?"

"पुढचे जमतात. मागचे काढले की घोडा खुर्चीवर बसल्यासारखा दिसतो. तुमच्या वडिलांकडं घोडी आहे ना? बघून येतो."

मी नेलं. माझ्या हातानं नेलं की हो त्यांना! नसतं नेलं तर पुढचं काही घडलंच नसतं.

अप्पांची घोडी मल्ली. पांढरी, कपाळावर तांबूस ठिपका. अप्पा आमच्याशी मराठीत बोलायचे, तेही कामापुरतं. मल्लीशी मात्र कानडीत, आणि तेही असं की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात नवीन सून आलीय. "बारे मल्ली, बारे" म्हणून बोलवायचे. ये गं, ये. मला त्यांनी अशी हाक कधी मारली नाही. माझ्यासाठी "अरं ए" होतं.

त्या दिवशी मास्तर घोडीच्या मागं बसले ते दिवेलागणीपर्यंत हलले नाहीत. घोडीच्या मागं शहाणा माणूस बसत नाही, लाथ बसली तर बरगडी जाते. मल्लीनं मान वळवून त्यांना एकदा बघितलं आणि परत कडब्यात तोंड घातलं. अप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "आजवर लई लोकं आली घोडी बघाय. पाय बघणारा ह्योच पयला." मास्तरांचं चित्र त्या दिवशीही काही जमलं नाही, ते सांगायला नको.

पुढं अप्पांचे गुडघे गेले. घोडीवर चढणं बंद झालं, तिच्यामागं धावणं बंद झालं. मी म्हटलं, "अप्पा, मी नेतो मल्लीला सोलापूरला. मागं एवढं अंगण आहे, पत्रा घालून घेतो." अप्पा म्हणाले, "तुजा हात जड हाय."

एवढंच. लहानपणी मी एकदा लगाम जोरात ओढला होता, तेवढ्यावर हा शिक्का! लग्न झालं, दोन पोरं झाली, धंदा वाढवला, स्वतःच्या हिमतीवर गाडी घेतली, तरी माझा हात जडच. आणि मग अप्पांनी पलीकडं बघितलं. घोड्याचे पाय काढायला दर रविवारी माझ्याबरोबर येणारे मास्तर तिथं बसले होते, भाकरी चावत.

"मास्तर, तुमी न्हेता का?"

"नेतो की," मास्तर म्हणाले. शेजाऱ्यानं दुधी भोपळा देऊ केला तर माणूस म्हणतो तसं.

आता तुम्हीच सांगा. घोडी माझ्या बापाची. अंगण माझं, पत्रा माझा, हौद माझा, हौदातलं पाणी माझं. आणि घोडी भाडेकरूची! रोज सकाळी खिडकी उघडली की समोर हे दृश्य. आमची ही तर भाकरी थापायला बसली की पहिली भाकरी मल्लीला द्यायची. माझा चहा त्यानंतर.

मास्तर तिच्यावर कधी बसले नाहीत. मी एकदा विचारलं, "अहो, बसत का नाही?" तर म्हणाले, "आता ओळख झालीय, मालक. कसं बसायचं?" संध्याकाळी दोघं पेठेतून फिरायला निघायचे. भाजीची पिशवी मास्तरांच्या हातात आणि घोडी शेजारून मोकळी. मागावरच्या तेलुगू बायका दारात येऊन उभ्या राहायच्या, कोणी गूळ द्यायचं, कोणी तिच्या मानेवरून हात फिरवायचं. मी नवी गाडी घेऊन त्याच रस्त्यानं गेलो तेव्हा कोणी दारात आलं नव्हतं.

त्यांचं एकच म्हणणं असायचं, "आधी मी, मग ती." मल्लीला हरभरा भिजवला की आधी स्वतः मूठभर खाऊन बघायचे. काढा केला की आधी स्वतः प्यायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "बरा आहे." नवीन पेंढा आला की त्यावर लोळून बघायचे, टोचतो का. नालबंद आला तेव्हा तर कहर केला. स्वतःच्या चपलेला नाल ठोकून घेतला, आणि तो घालून खट्‌खट्‌ करत शाळेत जाऊ लागले. शेवटी हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, वरच्या मजल्यावरचे वर्ग तरी सोडा. लोक हसायचे. हसता हसता त्यांच्यावर जीव टाकायचे, हे मला दिसत होतं.

तर असं चाललेलं असताना अप्पांनी अंथरूण धरलं. दोन पावलं टाकली की धाप. उजनीचं धरण बांधत होते त्या सुमाराची गोष्ट. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काय दाखवायचं ते दाखवून घ्या." मी अप्पांना विचारलं, काय हवंय? वाटलं, नातवंडांची नावं घेतील. अप्पा म्हणाले, "मल्लीला येकदा दाव."

मल्लीच्या पुढच्या पायाची शीर दुखावली होती. अंगणात चालायची, पण वळसंगपर्यंत चालणं शक्य नव्हतं. ट्रकचा फाळका उंच, त्या पायानं ती वर चढेना. अप्पांना सोलापूरला आणावं, तर गाडीत बसवताना वाटेतच काही व्हायचं. म्हणजे घोडीलाच न्यायला हवं, आणि तेही लवकर.

मी मनाशी ठरवलं. घोडी मास्तरांची असंल, पण तिला अप्पांच्या दारात आणणारा मी. माझ्या गाडीनं. अप्पांनी डोळे उघडले की समोर मल्ली आणि तिच्या शेजारी मी. एवढं एकदा मला हवं होतं. लई मागत होतो का?

गिरणीच्या मैदानावर पूर्वी एक सर्कस बुडाली होती. तिचा घोड्यांचा ट्रेलर भंगारवाल्याकडं पडून होता. दोन चाकांचा, बुटका, मागं उतरती फळी, आत दोन्ही बाजूंना गाद्या. बाहेरून विदूषकाचं अर्धं तोंड रंगवलेलं, अर्धं पावसानं धुतलेलं. तो आणला. मी म्हटलं, "पहाटे निघू, अक्कलकोट रस्त्यावर कोण बघतंय?"

मास्तर म्हणाले, "आणि कोणी अडवलं तर? आपण साहेबाशी हुज्जत घालत बसणार, आणि ती उन्हात उभी राहणार." झालं! निघालो आरटीओच्या कचेरीत.

तिथले साहेब जाडजूड, शांत. बाहेर येऊन ट्रेलरभोवती फिरले, विदूषकाकडं बघितलं.

"यात काय नेणार?"

"घोडी," मास्तर म्हणाले.

"म्हणजे माल."

"नाही हो!"

"मग काय प्रवासी आहे का?"

"प्रवासी नाही. ओळखीची आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग मला एकेक सांगत गेले. ट्रेलरला स्वतःचा नंबर हवा, मागं तांबडे दिवे हवेत. घोडीसकट ट्रेलरचं जेवढं वजन, त्याहून ओढणारी गाडी जड हवी, नाहीतर उतारावर घोडी गाडीला ढकलत नेईल. मी विचारलं, ट्रॅक्टर लावला तर? "ट्रॅक्टरला सवलत आहे ती शेतीच्या कामाला. तुमची घोडी काय शेतात पिकली?" मग ते वाकून माझ्या अँबॅसिडरच्या मागं बघायला लागले. मी हौसेनं हूक आधीच लावून घेतला होता, बंपरला.

"हे बंपरला लावलंय होय?" साहेब म्हणाले. "छान. गाडी वळसंगला पोचेल, घोडी आणि बंपर इथंच राहतील." हूक खाली चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला पाहिजे होता. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

शेवटी साहेबांनी अजून दोन अटी सांगितल्या. रस्त्यावर ट्रेलरमध्ये माणूस उभा करायचा नाही. आणि गाडीच्या मागच्या स्प्रिंगांवर आधीच भार येणार, म्हणून गाडीत चालवणाऱ्याशिवाय कोणी बसायचं नाही. हे ऐकून मास्तरांचा चेहरा पडला. माझ्या मनात मात्र गुदगुल्या झाल्या. म्हणजे मी आणि मल्ली, दोघंच!

पण मास्तर असे कुठले ऐकायला. "रस्त्यावर उभं राहायचं नाही ना? मैदानात तर राहता येईल. आधी मी, मग ती." गिरणीच्या मैदानावर ट्रेलर नेला. मास्तर आत शिरले, तोंड पुढं करून उभे राहिले, आणि मला म्हणाले, "हा टॉवेल घ्या, माझे हात मागं बांधा."

"कशाला?"

"घोडीला हात असतात का धरायला?"

पहिली परीक्षा जीपची. उजनीकडचा एक ऊस-केळीवाला माझ्या ओळखीचा होता, त्याची डिस्पोझलमधून, म्हणजे लष्कराच्या लिलावातून घेतलेली जीप मागवली होती. ताकद अशी, की घर ओढून नेईल. पण गाडी आखूड आणि मागं हा ट्रेलर, नुसता कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागला. मास्तर बाहेर आले ते जीभ चावून घेऊनच. वर कागद बघितले तर जीप अजून मेलेल्या चुलत्याच्या नावावर. मास्तर म्हणाले, "सही आणायला वर कोण जाणार?" जीप परत गेली.

मग माझी गाडी. मी ती धुऊन पुसून आणली होती. वजनात बसत होती, हूक चासीला लागला होता, ट्रेलरला नंबर आणि दिवे बसले होते, कागद चोख. बसलो, सुरू केली आणि निघालो. आतून धप्प आवाज आला. वळण घेतलं, परत धप्प. ब्रेक मारला, तेव्हा तर पुढच्या पत्र्यावर डोकंच आपटलं. फळी उघडली तर मास्तर आडवे, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

"गाडी उत्तम आहे, मालक," ते पडल्या पडल्याच म्हणाले. "ओढते झकास, मऊ आहे. चालवणारा तेवढा बदला."

माझं डोकं सणकलं. "अहो, कोणाला सांगता? माझ्या अंगणात राहता, माझ्या पत्र्याखाली घोडी बांधता, आणि मलाच बदला म्हणता? मग तुम्ही चालवा की!"

"मला येत नाही."

"मग? भाड्यानं ड्रायव्हर आणू? माझ्या बापाच्या दारात माझी गाडी परक्यानं न्यायची?"

मास्तर उठून बसले. हात बांधलेलेच होते. मग म्हणाले, "बरं. उद्या परत पडतो."

आणि खरंच, रोज शाळा सुटली की यायचे, हात बांधून घ्यायचे आणि उभे राहायचे. मी चालवायचो. आतून ओरडायचे, "पडलो!" मी शिव्या द्यायचो, मनात आणि मोठ्यानंसुद्धा. परत निघायचो. "पडलो!" गिरणीची पाळी सुटली की कामगार कडेला उभे राहायचे. "मास्तर, तिकीट काढलं का?" म्हणून विचारायचे. मास्तर आतून सांगायचे, "पास आहे!" मैदानात हशा. हे इतक्या वेळा आपटूनही लाडके, आणि मी घामाघूम होऊन व्हीलन!

पण क्लच कसा सोडायचा, वळण किती लांबून धरायचं, ब्रेकवर पाय ठेवायचा पण दाबायचा नाही, हे हळूहळू माझ्या पायाला कळायला लागलं. कोणी सांगितलं नाही. मागच्या धप्पकन आवाजानं कळलं. राग पण येत होता आणि कळत पण होतं.

एके दिवशी मैदानाला पुरा वेढा झाला, तरी आतून आवाज नाही. अजून एक वेढा घातला. तरी गप्प.  मेला की काय माणूस! गाडी थांबवली, पळत गेलो, फळी पाडली. मास्तर गादीला खांदा टेकून उभे होते. डोळे मिटलेले, ओठ सैल. उभ्या उभ्या झोपले होते.

मी हाक मारली तसे डोळे उघडले. म्हणाले, "मालक, आता ती येईल."

निघायच्या दिवशी मास्तर आधी स्वतः ट्रेलरमध्ये शिरले, मागून मल्ली शिरली. मग ते घोडी आणि गादीच्या मधल्या फटीतून बाहेर आले, फळी लावली, दोनदा ओढून बघितली. त्यांना एस्टीनं यायचं होतं. पेठेच्या तोंडापर्यंत ट्रेलरला हात लावून चालत आले, आणि तिथं थांबले. आरशात मला ते लहान लहान होताना दिसत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं! आज घोडी माझी, म्हटलं.

अक्कलकोट रस्त्याला मला सायकलवाले मागं टाकून गेले. एक बैलगाडीवाला बराच वेळ शेजारून चालला होता, म्हणाला, "मयत हाय व्हय आत?" मी गिअरसुद्धा बदलला नाही. मधेच मल्लीनं खूर आपटले. मी खिडकीतून मान बाहेर काढून अप्पांच्या चालीवर म्हटलं, "बारे मल्ली, बारे." पुढं बसून मागच्याला 'ये' म्हणणं कसंही वाटो. ती गप्प झाली. माझ्यामुळं की कंटाळून, देव जाणे.

वळसंगला पोचलो तेव्हा चौघांनी अप्पांची बाज अंगणात आणून ठेवली होती. मी फळी पाडली. मल्ली मागं मागं सरत उतरली, वळली, आणि अप्पांना बघून नाकातून लांबलचक फुरफुरली.

"बारे मल्ली, बारे."

अप्पांनी तिच्या मानेवरून हात फिरवला. मग तो हात खाली छातीवर, तिथून पुढच्या पायाच्या बगलेत घातला. घोडं वाटेत घाबरलं असंल तर तिथं पहिला घाम फुटतो. हात बाहेर काढून त्यांनी तळवा बघितला, बोटं एकमेकांवर घासली.

"कोरडी हाय," म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. "कोन चालवलं?"

"मी."

"येकटाच?"

"एकटाच, अप्पा."

परत एकदा तळवा बघितला.  मग म्हणाले, "हात हलका झाला की रं तुजा."

झालं! अख्खा जन्म ज्यासाठी थांबलो होतो ते कानावर पडलं.  ते नीट गिळतोय न गिळतोय, तोच अप्पांनी विचारलं, "मास्तरनं शिकवलं, व्हय?"

 आणि तेवढ्यात वाटेवरून मास्तरच आले. गुडघ्यापर्यंत धूळ, कपाळावर हिरवं पडलेलं टेंगूळ, गालात भाकरी.

"या मास्तर, या!" ज्या माणसाला दोन शब्दांत धाप लागत होती त्यांचा हा आवाज! "पोराला चांगलं शिकवलं की तुमी."

"मी?" मास्तर घाबरलेच. "मला गाडीतलं काय कळतंय, अप्पा? मी नुसता पडत होतो."

अप्पा हसले. खोकला येईपर्यंत हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांना असं हसवणं मला कधी जमलं नव्हतं, आणि हा माणूस पडून पडून तेही घेऊन गेला.

अप्पांचा एक हात मल्लीच्या नाकावर होता. दुसऱ्या हातानं त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं होतं, आणि सोडत नव्हते. मी गाडीची किल्ली घेऊन बाजेच्या पायथ्याशी उभा. माणसाला तिसरा हात नसतो हे मला कळतं, इतका काही मी खुळा नाही. पण असता, तर तो त्यांनी कुठं ठेवला असता? हे विचारायला मला धीर झाला नाही, आणि पुढच्याच महिन्यात अप्पा गेले.

मास्तरांनी मोकळ्या हातानं खिशातून भाकरी काढली. एक तुकडा स्वतः चावून बघितला. एक मल्लीला दिला. तिसरा माझ्यापुढं धरला. म्हणाले, "घ्या, मालक. दमला असाल."

आतून नुसता पेटलो होतो, तरी घेतला. कडक भाकरी चावायला वेळ लागतो. तेवढा वेळ मला कोणाशी बोलावं लागलं नाही.